कापूस घरात होता

उन्हाळ्यात अंगावर गांधी उठल्या की आमच्याकडे कोणी कारण शोधत बसत नाही. ‘गरमी झाली’ म्हणतात आणि कडुलिंबाचा पाला उकळायला ठेवतात. आमच्या उन्हात हे निदान बहुतेक वेळा चालूनही जातं. घामोळं असतं, चार दिवसांत बसतं. 2023 च्या मार्चमध्ये आमच्या घरात खाज सुरू झाली तेव्हा मायने हेच केलं आणि मी मान डोलावली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. निरीक्षण, अनुमान, पडताळणी हे शब्द शाळा उघडली की दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या उन्हाळ्यात घरात मी जे काही केलं, त्यात यांतलं एकही नव्हतं. त्याचा त्रास ज्यांना झाला ते सगळे आमच्या घरचेही नव्हते, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. भूगर्भातलं पाणी खारं, त्यामुळे शेती पावसाच्या भरवशावर. कापूस, तूर, सोयाबीन, आणि ओल टिकली तर हरभरा. शेत भाऊ पाहतो, मी सुटीच्या दिवशी जातो. घर जुनं आहे: पुढे ओसरी, मधे लांबट माजघर, बाजूला दोन खोल्या.

आधीच्या हंगामात, 2021-22 मध्ये, कापसाने कधी नव्हे तो भाव पाहिला होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये, आणि अकोटच्या बाजारात क्विंटलला दहा हजार ओलांडून भाव बारा हजारांच्याही पुढे गेला. आम्ही मात्र दिवाळीनंतर लगेच विकून मोकळे झालो होतो. ज्यांनी दम धरला त्यांचं कर्ज फिटलं आणि आम्ही वर्षभर हळहळत राहिलो. 2022 ला भाऊ म्हणाला, ‘यंदा घाई नाई करायची.’ त्या वर्षी अख्ख्या वऱ्हाडानेच तसं ठरवलं होतं. सगळे दहाची वाट पाहत बसले आणि भाव महिन्यागणिक खाली उतरत गेला. जो उतरतो तो चढेलही, या आशेवर कापूस घरातच राहिला. आमच्याकडे तो माजघरात होता, भिंतीला टेकून छताच्या वाशांपर्यंत.

कापूस घरात असला की घर त्याच्याभोवती फिरतं. विस्तवाची भीती, म्हणून बाबांची बिडी अंगणात गेली. चोराची भीती, म्हणून त्यांची बाज माजघराच्या दारात आली. दुपारी त्या गंजीवर गारवा असतो, त्यामुळे माझी मुलगी आणि पुतण्या जेवण झालं की तिथेच लोळायचे. वरून उडी मारायची, गळ्यापर्यंत रुतायचं, पुन्हा चढायचं. मीही लहानपणी हेच केलं होतं. त्यात वाईट काही असेल असं डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

पहिल्या गांधी मुलीच्या अंगावर उठल्या. पाठीवर, पोटावर, परकराच्या नाडीखाली. लाल, उंच, आठ आण्याच्या नाण्यापेक्षा लहान, आणि नीट पाहिलं तर प्रत्येकीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पाण्याचा फोड. हा फोड मी तेव्हा पाहिला नाही. बायकोने पाहिला होता, सांगितलाही होता; मी ‘खाजवून झालं असेल’ म्हणालो. मग पुतण्या, मग माय, मग बाबा. बाबांना सगळ्यांत जास्त. मी आणि भाऊ ओसरीत झोपायचो, आम्हाला तुरळक. हा फरकही डोळ्यांसमोरच होता. कोणाला किती, अंगावर कुठे, केव्हा, एवढं वहीच्या एका पानावर मांडलं असतं तर काम तिथेच अर्धं झालं असतं. विद्यार्थ्यांकडून मी असे तक्ते करवून घेतो.

त्याऐवजी घरात पथ्यं सुरू झाली. वांगं बंद, अंडी बंद, तुरीच्या डाळीऐवजी मुगाची. सब्जा, खडीसाखर, पाल्याच्या पाण्याची अंघोळ. अंघोळीने तासभर बरं वाटायचं आणि तेवढ्यावरून आम्ही औषध लागू पडलं म्हणायचो. मग मी गाजरगवतावर आलो. धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाशी, वऱ्हाडात ते नाही कुठे? 1950 च्या दशकात पुण्याकडे ते पहिल्यांदा नजरेला आलं आणि मग देशभर पसरलं. त्याने त्वचेचा त्रास होतो हे खरं आहे. पण तो उघड्या अंगाला होतो: पापण्या, मान, कोपराची खोबण. कपड्याखाली पाठ-पोट खाऊन चेहरा कोरा ठेवणारं गाजरगवत नसतं. हे मला माहीत होतं. तरी एक रविवार मी अंगणामागचं गाजरगवत उपटण्यात घातला, कारण काहीतरी करणं हे विचार करण्यापेक्षा सोपं होतं.

नंतरची चूक मात्र निभावली हे नशीब. खाज रात्री जास्त व्हायची, सकाळी अंगावर नव्या गांधी दिसायच्या. तेव्हा ढेकूणच असणार, असं मी ठरवलं. ढेकूण असले तर गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात, चादरीवर रक्ताचे डाग पडतात. मी गाद्या उलटून पाहिल्या, काही सापडलं नाही. नाही सापडलं याचा अर्थ मी ‘लपले असतील’ असा घेतला. शेतातल्या फवारणीचं उरलेलं औषध कोठ्यात होतं. ते पंपात घातलं आणि दोन्ही खोल्यांत, बाजांच्या सुतळीत, भिंतींच्या फटीत मारलं. संध्याकाळी दारं लावून सगळे आत झोपले. रात्री मायला मळमळ, डोकेदुखी, मग उलट्या. पहाटे तिला गाडीत घालून दर्यापूरला नेलं. डॉक्टरांनी काय फवारलं विचारलं, मी नाव सांगितलं, आणि ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या वर्षी मी स्वतः शाळेत मुलांसमोर हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा यांवर बोललो होतो. ती औषधं मोकळ्या शेतात मारायची, तीही जपून. मी ती झोपायच्या खोलीत मारली होती. माय दोन दिवसांत उठून बसली. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यानंतर दारावर पंप दिसला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

आणि एवढं करूनही खाज होतीच.

मलमाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ही चूक घरोघरी होते. औषधाच्या दुकानातून मी एक ट्यूब आणली. गजकर्ण, खाज, नायटा, सगळ्यांवर चालणारी म्हणून दिलेली. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मी दाखवली नाही. असल्या मलमांत बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. लावलं की खाज पटकन दबते, म्हणून माणूस खूश. बेताने आणि सल्ल्याने लावलं तर स्टेरॉइड उपयोगी आहे; आठवडेच्या आठवडे चोळलं की कातडी पातळ होते, लाल पट्टे उमटतात, आणि गजकर्ण असेल तर ते हटवादी होऊन बसतं. सरकारने 2018 साली अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तो याच कारणाने. बाबांच्या जांघेत आणि काखेत त्या ट्यूबच्या खुणा राहिल्या आहेत. त्या जातील असं वाटत नाही.

आता मावशीबद्दल.

त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत. मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्याकडे निंदायला, वेचायला येतात. मावशीच म्हणायचं, असं मायने लहानपणी सांगितलेलं. त्यांची मुलगी आजारी म्हणून नातू त्या वर्षी त्यांच्यापाशी होता. मावशी कामाला आल्या की तोही यायचा आणि आमच्या पोरांबरोबर कापसावर खेळायचा. एप्रिलमध्ये मी माझं पुढचं निदान केलं: खरूज. घरात एकापाठोपाठ एक सगळ्यांना, रात्री जास्त, मग दुसरं काय असणार? पर्मेथ्रिनचं लोशन आणलं, रीत माहीत होतीच. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, रात्रभर ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्याने पुन्हा. लावलं. फरक नाही. पुन्हा लावलं. फरक नाही. तेव्हा मी असं धरून चाललो की आपण बरे होतो आणि कोणीतरी बाहेरून ती परत आणतो.

खरुजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती त्याची वाकडी रेघ दिसते. आमच्यात एकाच्याही बोटांच्या बेचक्यांत काही नव्हतं. मावशीच्या नातवाचे हात मी पाहिलेच नाहीत. त्याच्या कमरेवर दोन-चार गांधी दिसल्या होत्या, तेवढा पुरावा मला पुरला. एका संध्याकाळी पारावर विषय निघाला आणि मी म्हणालो, ‘मावशीच्या नातवाले खरूज हाय, त्याच्यानंच आमच्या घरात आली.’ मावशीला निरोप धाडला की पोराला आणू नका. त्यानंतर त्या स्वतःच यायच्या थांबल्या. मला ते सोयीचं वाटलं, हे लिहिताना जड जातं, पण तसंच झालं.

मी विज्ञानाचा मास्तर. गावात माझ्या शब्दाला वजन आहे. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर पारावरची गोष्ट पारावर राहिली असती. मी म्हटलं म्हणून ती खरी ठरली. हरभऱ्याचं काम तेव्हा संपलं होतं, पण घरोघरची वाळवणं होती. त्या पोराला आणि त्याच्या आजीला लोक दारातून परत पाठवू लागले. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी बहिणीच्या घरचं लग्न होतं, अकोल्याला. सगळे गेलो. तिथे मांडवात, उकाड्यात, दाटीवाटीत झोपूनही अंगावर नवी गांध उठली नाही. जुन्या सुकत गेल्या. गावी परतलो आणि पुन्हा सुरू. इतकी स्वच्छ खूण मिळाल्यावरही मी काय म्हणालो? ‘पाणी.’ अकोल्याला महानच्या धरणाचं गोड पाणी, आपलं खारं, म्हणून अंग खाजतं. फोनवर बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘दादा, तुमच्या नळाले तं शहानूर धरणाचं पाणी येते नं. मंग खारं कायचं? वीस वर्सं झाले, तेच पेता, त्यानंच आंग धुता. यंदाच काहून खाजते?’ मी गप्प झालो. बहीण दहावीच्या पुढे शिकलेली नाही. ‘यंदाच का’ हा प्रश्न तिला पडला, मला पडला नव्हता.

तीच म्हणाली, पोरीला घेऊन ये, मी चामडीच्या डॉक्टरला दाखवते. त्या डॉक्टरीणबाईंनी आधी मुलीची बोटं फाकवून पाहिली. मग भिंगातून पाठ पाहिली. औषधाचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: रात्री कुठे झोपते? दुपारी कुठे असते? बाहेरगावी गेली तेव्हा कमी झालं का? घरात सर्वांत जास्त कोणाला, आणि त्यांची झोपायची जागा कोणती? मी उत्तरं देत होतो आणि देता देताच माझ्या आवाजातला जोर जात होता. शेवटी त्या म्हणाल्या, ‘कापूस आहे का घरात?’ त्या उन्हाळ्यात खेड्यांतून येणाऱ्या प्रत्येक खाजऱ्या घराला त्या हा प्रश्न विचारत होत्या.

त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. साठवलेल्या धान्यात, कडधान्यात, कापसात ज्या अळ्या आणि भुंगे असतात, त्यांच्यावर जगणारा एक अतिसूक्ष्म कोळी असतो. शास्त्रीय नाव पायमोटिस. कपाशीवरचा लाल कोळी शेतकऱ्याला माहीत असतो, हाही आठ पायांचाच, पण पिकाच्या वाट्याला न जाणारा. त्याची मादी अळीला विष टोचून लुळी करते आणि तिच्या अंगावर बसून तिचा रस पिते. माणूस तिचं भक्ष्य नाही. आपल्या अंगावर तो कोळी वाढत नाही, बीळ करत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण त्या ढिगावर माणूस लोळला तर चावतो. चावताना कळत नाही. गांध उठते ती बऱ्याच तासांनी, बहुधा दहा ते सोळा. म्हणजे दुपारी कापसावर चावलेलं रात्री गादीवर खाजतं, आणि माणूस गादी उलटीपालटी करत बसतो.

लोशन बंद करा म्हणाल्या, खाजेची गोळी आणि थोडे दिवस लावायचं साधं मलम दिलं. ‘औषधाने हे जाणार नाही, कापूस गेला की जाईल.’

घरी आल्यावर मी प्रथमच पडताळून पाहिलं. शाळेतून काळा कार्डबोर्ड आणि भिंग आणलं. गंजीच्या खालच्या थरातला, कोपऱ्यातला कापूस मुठीने घेऊन कागदावर आपटला. सरकीचा चुरा पडला, धूळ पडली, आणि थोड्या वेळाने त्या धुळीतले काही कण चालायला लागले. पाव मिलिमीटरही नसतील. मग जोडसरकी शोधली. गुलाबी बोंडअळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत झोपते, हे कपाशीवाल्याला ठाऊक असतं. नखाने सरकी उकलली. आत अळी होती, नेहमीची गुलाबी, पण मऊ पडलेली, हलत नव्हती. तिच्या अंगावर पिवळसर, चकचकीत, बाजरीच्या दाण्याहून बारीक मणी चिकटले होते. भिंगातून प्रत्येक मण्याच्या एका टोकाला इवलेसे पाय दिसले. मणी म्हणजे मादीचं फुगलेलं पोट. तिची पिल्लं त्या पोटातच पूर्ण वाढतात आणि बाहेर पडतात ती थेट प्रौढ होऊन. आधी नर येतात. ते आईच्या अंगावरच थांबून मागून येणाऱ्या बहिणींशी मीलन करतात, आणि त्या माद्या तिथूनच नवी अळी शोधायला निघतात. एका मण्यातून दोनशेच्या आसपास. मी तसा अळ्यांना किळसणारा माणूस नाही, पण त्या रात्री पोरगी या गंजीत गळ्यापर्यंत रुतायची ते आठवून मला झोप लागली नाही.

एवढी बोंडअळी आमच्या माजघरात आली कशी, हेही मग नीट पाहिलं, आणि इथेही चूक आमचीच निघाली. गुलाबी अळी या देशाला नवी नाही. 1843 साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन भडोचच्या कापसावरूनच झालं. 2002 मध्ये बीटी कपाशी आली आणि काही वर्षं अळी विसरल्यासारखी झाली. मग ती त्या विषाला सरावली. 2017 मध्ये विदर्भात तिने बोंडंच्या बोंडं पोखरली. तेव्हापासून अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हेच सांगत आहेत: फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करा. आम्ही भावाच्या लोभाने डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली आणि शेवटची वेचणी फेब्रुवारीत केली. त्या वेचणीत निम्मी कवडी. अळी लागलेल्या बोंडातला तो पिवळा, घट्ट बसलेला कापूस वेगळा ठेवायला हवा होता. तो वजनाला भरतो म्हणून चांगल्या कापसात मिसळला. अळ्या आम्ही हाताने उचलून घरात आणल्या. कोळी त्यांच्या मागे आले.

पुढे वाचताना मला 1909 सालची एक हकिगत सापडली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आसपास खलाशांना आणि वसतिगृहांत राहणाऱ्यांना अशाच गांधी उठत होत्या. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर तपासाला गेले. पेलाग्रा हा रोग आहाराच्या उणिवेने होतो हे पुढे ज्यांनी दाखवलं, तेच हे. त्यांनी आणि त्वचारोगतज्ज्ञ जे शॅम्बर्ग यांनी पाहिलं की सर्व रुग्णांत समान गोष्ट एकच आहे, गव्हाच्या काडाच्या नव्या गाद्या. मग गोल्डबर्गरांनी दोन गाद्यांच्या मधे स्वतःचा उघडा हात खुपसून ठेवला. काही तासांनी त्याच हातावर गांधी उठल्या. गाद्यांची धूळ चाळली तर तिच्यात हाच कोळी निघाला. 2004 मध्ये अमेरिकेतल्याच कॅन्ससमध्ये याच्या एका भाईबंदाने एका जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना खाजवत ठेवलं. तो ओकच्या पानांवरच्या गाठींतून गळून अंगावर पडत होता. तिथेही लोकांनी आधी भलत्याच किड्यांना दोष दिला होता.

गोल्डबर्गरांची गोष्ट मी दोनदा वाचली. त्यांनी शंका आधी स्वतःच्या हातावर घेतली. मी ती एका सहा वर्षांच्या पोराच्या नावावर टाकली होती, आणि त्याचा हात हातात घेऊन पाहायची तसदीही घेतली नव्हती.

कापूस मे महिन्यात विकला, सात हजारांच्या जरा वर. दिवाळीनंतर दिला असता तर जास्त आला असता. गाडी भरणाऱ्या पोरांना आधी सांगितलं, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काम झालं की लगेच अंघोळ करा. तरी दोघांना गांधी उठल्याच. माजघर झाडून काढलं, गोधड्या आणि बाजा उन्हात टाकल्या, कपडे कढत पाण्यात धुतले. आठवड्याभरात नव्या गांधी उठायच्या थांबल्या.

त्यानंतर मी मावशीकडे गेलो. त्या दारात बसून तूर पाखडत होत्या. सुपावरची नजर त्यांनी वर केली नाही. मी सगळं सांगितलं. कोळ्याचं, अळीचं, माझं चुकलं ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘माह्या जावई जिनात काम करते. जिनातल्याइले कापसानं असं आंग उठते, हे आमाले कईचं मालूम. तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं, मास्तर. तुमी आमाले काई इचारलंच नाई.’

मी त्यांना माफ करा म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पोरगा आत होता. त्याला बाहेर बोलावलं नाही.

मग मी पारावर गेलो. ज्या चौघांसमोर बोललो होतो त्यांतले तिघे होते. चौथ्याच्या घरी जाऊन सांगितलं. ज्या दोन घरांनी मावशीला कामाला बोलावणं बंद केलं होतं तिथेही गेलो. एकाने लगेच मान्य केलं. दुसऱ्याच्या घरी आजी म्हणाल्या, ‘कापसानं कुठं खाज येते का बाप्पा? आमचं आयुष्य कापसात गेलं.’ त्यांना मी काळ्या कागदावर ते चालणारे कण दाखवले, भिंग हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मग स्वतःच्या माजघराकडे वळून सुनेला हाक मारली.

शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात मी खरूज शिकवली तेव्हा शेजारी दुसरा रकाना आखला. कोळ्याची खाज: कपड्याखाली, पाठ-पोट-कंबर, बोटांच्या बेचक्या मोकळ्या, गांधीच्या मधोमध फोड, जागा बदलली की थांबते, खरुजेच्या लोशनने जात नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही. शेवटचं वाक्य दोनदा लिहिलं. वर्गातल्या पोरांनी घरी जाऊन विचारलं, तेव्हा कितीतरी घरांत त्या उन्हाळ्यात असंच झाल्याचं निघालं. आणि त्यातल्या बऱ्याच घरांनी कोणा ना कोणाला दारात उभं करणं बंद केलं होतं: भांडी घासणारीला, मेंढपाळाच्या पोरांना, नव्या सुनेच्या माहेरच्यांना.

आता आमच्या अंगणात टिनाची शेड आहे. कापूस तिथे, ताडपत्रीवर, झोपायच्या जागेपासून दूर. कवडी वेगळी, आणि ती आधी विकायची. डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटायची. भाऊ कुरकुरतो, पण उपटतो. सगळ्यांना हे जमत नाही. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्याने भावाची वाट पाहायची तर कापसाबरोबरच झोपावं लागतं. मावशीचं घर तसंच आहे. गेल्या हंगामात त्यांच्या दीड एकरातला कापूस आमच्या शेडमध्ये ठेवा, असं माय स्वतः जाऊन सांगून आली. त्यांनी ठेवला, वेगळ्या ताडपत्रीवर, स्वतः येऊन मोजून. विकायचा केव्हा ते त्यांनीच ठरवलं. आमच्याकडे वेचणीला मात्र त्या अजून आलेल्या नाहीत, आणि मी त्यांना या म्हणालेलो नाही. मायचं म्हणणं आहे की ते मीच जाऊन म्हटलं पाहिजे.